सगळ्यात लहान माणसाला हाक

महानंदाबाई कुणाच्याही दारात उभ्या राहिल्या की घरातल्या सगळ्यात लहान माणसाला हाक मारायच्या. ओट्यावर सासरा बसलेला असो नाहीतर खुद्द सरपंच, त्यांची हाक त्या माणसाला ओलांडून आत जायची. "सोनाजीराव हायेत का घरात?" सोनाजीराव म्हणजे झोळीत पडून छताकडं बघणारं तान्हं बाळ. बारसं झालेलं नसलं तर, "पाव्हणं जागं हायेत का?" आतली बाई पदर सावरत हसत बाहेर यायची आणि तेवढ्या हसण्यात महानंदाबाई उंबरा ओलांडून आत गेलेल्या असायच्या.

मी आष्टीच्या एका संस्थेत लागले तेव्हा बीडच्या कॉलेजातून नुकती बाहेर पडले होते. काम असं होतं की तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवर जायचं, शाळेत जायच्या आधीच्या वयाचं मूल ज्या घरात आहे तिथं बसायचं आणि आईबापांशी मूल वाढवण्याबद्दल बोलायचं. संस्थेच्या पाटीवर त्याला ‘पालक शिक्षण’ म्हटलेलं होतं. गावात कुणी तसं म्हणत नसे. "लेकरावाल्या बाया आल्या," म्हणायचे. पहिल्या वर्षी मला महानंदाबाईंच्या जोडीला दिलं. शिकायला म्हणून.

बाई चाळिशी ओलांडलेल्या, अंगानं आडव्या, कपाळावर भस्माचे पट्टे आणि गळ्यात लिंगाची चांदीची डबी. घर लिंगायत वाण्याचं. आष्टीच्या बाजारपेठेत त्यांच्या मालकांचं, शिवलिंगअप्पांचं, किराणा दुकान होतं. सकाळी पूजा झाल्याशिवाय बाई पाणी पीत नसत. पण वस्तीवर गेल्यावर कुठल्याही आळीतल्या, कुठल्याही जातीच्या घरचा चहा घ्यायच्या. त्यावरून त्यांच्या जावेनं पुष्कळ आदळआपट केली होती. बाईंचं उत्तर एकच होतं, "चहा सोडला की दार सुटतं."

बाज टाकली तरी त्या बाजेवर बसायच्या नाहीत. मांडी घालून थेट भुईवर, लेकराच्या समोर. चिडक्याही होत्या. कुणी बोलण्यात फाटे फोडले की त्यांचा आवाज चढायचा, आणि त्यांना आपलं म्हणणं बरोबर आहे याबद्दल शंका अशी कधी येत नसे. "लेकराला पोटाला घालता ना? मग कानाला बी घाला," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "भाकरी थापताना बोला, धुणं धुताना बोला. त्याला कळत न्हाई असं म्हणू नका. तुमाला कळत न्हाई त्याला किती कळतंय ते."

दुकानात बसलेले शिवलिंगअप्पा एकदा मला म्हणाले, "आमच्या मालकीणबाई साऱ्या तालुक्याला बोलायला शिकवतात. घरी आल्यावर माझ्या वाट्याला शब्द उरत न्हाईत." मी हसले. बाई हसल्या नाहीत. साखरेच्या पोत्याचं तोंड बांधत राहिल्या.

बाजीराव नावाच्या एका तरण्या बापाची गोष्ट मी पुढं कितीतरी जणांना सांगितली आहे. त्याला पहिली मुलगी झाली होती, सहा-सात महिन्यांची असेल. तिला त्यानं एकदाही हातात घेतलेलं नव्हतं. आम्ही गेलो तेव्हा तो दारातल्या लिंबाखाली दोस्तांबरोबर पत्ते खेळत होता. बाईंनी आतून मुलगी उचलून आणली, त्याच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "जरा धरा. आमचं तुमच्या बायकोशी काम हाय." आणि आत येऊन चुलीपुढं बसल्या. बाहेर दोस्त हसायला लागले. "धर बे, पडंल ती." बाजीरावनं दोनतीनदा हाका मारल्या. बाईंनी त्याच्या बायकोचा हात धरून तिला बसवून ठेवलं. मुलगी रडली, मग गप्प झाली, मग बहुतेक त्याच्या धोतरावर मुतली, कारण बाहेर एकदम मोठा हशा झाला. दोस्त पांगले. आम्ही दाराच्या फटीतून पाहिलं, तर बाजीराव मुलीला दोन्ही हातांनी पुढं धरून बसला होता आणि तिला हळू आवाजात विचारत होता, "कावून गं? मीच घावलो का तुला?"

परतीच्या वाटेवर बाई एवढंच म्हणाल्या, "बाप लाजतेत. त्यांना कुणी एकटं सोडत न्हाई लेकरापाशी."

त्यांची थोरली मुलगी लग्न होऊन परळीकडं दिलेली होती. ती माहेरी आली असताना मी एकदा जेवायला गेले होते. बोलता बोलता ती सहज म्हणाली, "आम्हा भावंडांशी आई कवा बसून बोलली न्हाई हां. दुकान, पाव्हणे, सण. आता लोकांच्या लेकरांशी बोलती." मला वाटलं, आता बाई उसळतील. त्यांनी तिच्या ताटात भात वाढला. "खरंय," म्हणाल्या. "तवा मला ठावूक न्हवतं. आता ठावूक झालं तर गप बसू का?"

आमच्या भागातली अर्धी घरं दसरा-दिवाळीनंतर रिकामी होतात. नवरा-बायकोची जोडी ऊसतोडीला जाते. ट्रक येतो, त्यात भांडी, अंथरुणं, शेळ्या, लेकरं असं सगळं चढतं आणि वस्तीवर म्हातारी माणसं उरतात. त्या वर्षांत आष्टीच्या रस्त्यावर एसटीडीचे पिवळे बूथ आले होते, शिवलिंगअप्पांच्या दुकानात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकायला लागल्या होत्या, पण ते ट्रक होते तसेच होते.

लेकरं तोडीला नेऊ नयेत, असं महानंदाबाईंचं पक्कं मत होतं. त्याला कारणही होतं. आदल्या वर्षी डोंगरालगतच्या एका वस्तीवरचं लेकरू तळावरच्या, म्हणजे तोडकऱ्यांच्या मुक्कामावरच्या चुलीत हात भाजून आलं होतं. बोटं एकमेकांना चिकटली होती. बाईंनी तो हात पाहिला आणि त्यानंतर वस्त्यांवरच्या बायकांच्या दर सभेत त्याच विषयावर बोलू लागल्या. म्हातारीजवळ लेकरू ठेवा, बालवाडीत खायला मिळतं, आम्ही दर आठवड्याला येऊन बघतो.

त्याच वस्तीवर दगडू आणि कौसल्या राहायचे. त्यांची मंगल तेव्हा दोन वर्षांची असेल. फार बोलकी पोर होती. आम्ही गेलो की "बाई आली, बाई आली" करत पुढं पळायची, शेळीचं नाव सांगायची, कोंबडीला शिव्या द्यायची. दसऱ्यानंतरच्या सभेत, मारुतीच्या पारावर, सगळ्या बायकांसमोर बाईंनी कौसल्येला धरलं.

"हिला नेऊ नको."

"बाई, ती माझ्याबिगर झोपत न्हाई."

"झोपंल. चार-आठ दिवस रडंल, मग झोपंल. लेकरं लवकर इसरतात, कौसल्या. त्या थंडीत, उसाच्या पाचटात तिला नेऊन काय करणार हायेस? तो हात बघितलास ना?"

कौसल्या दगडूकडं बघत होती, दगडू जमिनीकडं. शेवटी दगडूची आई म्हणाली, "राहू द्या माझ्यापाशी." बाकीच्या बायकांनीही मान डोलावली. कौसल्या काही बोलली नाही, आणि त्या न बोलण्यालाच आम्ही सगळे होकार समजलो.

ट्रक गेला तेव्हा मंगल शेजारच्या घरात खेळत होती. तिला मुद्दामच तिकडं नेलं होतं.

म्हातारी चांगली होती. पोरीला दूध द्यायची, भाकरी कुस्करून घालायची. पण मुळातच मुकी-मुकी बाई. दिवस शेळ्यांमागं जायचा, आणि मंगल तिच्या मागं. पहिले काही दिवस रस्त्यावर ट्रकचा आवाज आला की ती पळत सुटायची. मग पळायची थांबली. बाईंना ते बरं लक्षण वाटलं. नंतर ती बोट दाखवून मागायला लागली. शब्द आटत गेले. मग बोटही दाखवीना. बाईंनी दारात उभं राहून हाक मारली, "मंगलबाई हायेत का घरात?" तर ती भिंतीकडं तोंड करून बसायची.

आठवड्याच्या एका भेटीच्या दोन केल्या, मग तीन. बाई तिच्यासमोर बसून बोलायच्या, गाणी म्हणायच्या, वाटी-चमचा वाजवायच्या. मंगल ऐकत नव्हती असं नाही. डोळा हलायचा. पण वळायची नाही. एकदा परत येताना एसटीत बाई बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. मग कुणाशी तरी वाद घालावा तशा म्हणाल्या, "वजन वाढलंय तिचं. बालवाडीच्या बाईनं सांगितलं." मी काहीच म्हणाले नव्हते.

उन्हाळा सुरू होताना ट्रक परत आले. आल्यानंतरच्या पहिल्या बाजारच्या दिवशी मी दुकानात बाईंशी बोलत उभी होते. गर्दी होती. कौसल्या आली, कडेवर मंगल. पोर आईच्या कडेवर होती, पण अंग मागं ताणून, परक्या बाईनं उचलल्यासारखी. कौसल्येच्या मनगटावर चावल्याचा वण होता.

शिवलिंगअप्पांनी हातातला तराजू खाली ठेवला. "आत या, आत बसून बोला."

"आत कशाला?" कौसल्या म्हणाली. "बाईंनी मला समद्यांसमोर सांगितलं व्हतं. मी बी समद्यांसमोर सांगते." तिचा आवाज चढलेला नव्हता. "तुमी म्हणला व्हता ना बाई, लेकरं लवकर इसरतात. तसंच झालं. इसरली. मला वळखत न्हाई, हाक मारली तर ओ देत न्हाई. आय म्हणत न्हाई. कुणालाच काय म्हणत न्हाई."

बाई ओट्यावरून उतरून खाली आल्या. त्या आता काय बोलतील याचा मला अंदाज येईना. त्या पायरीवर बसल्या, कौसल्येच्या पायांजवळ.

"माझं चुकलं," म्हणाल्या.

"चुकलं म्हणून मी काय करू, बाई?"

कौसल्या पोरीला सावरत बाजारात निघून गेली. तिनं काही घेतलं नाही.

संस्थेत यावर बैठक झाली. आमचे प्रमुख समजूतदार होते. म्हणाले, तुमचा हेतू चांगला होता, मूल हळूहळू सावरेल, कदाचित त्या मुलीत आधीपासूनच काही दोष असेल. बाई म्हणाल्या, "दोष न्हवता. कोंबडीला शिव्या द्यायची ती."

त्यानंतर बाई घरभेटींना येत होत्या, पण दारात उभ्या राहिल्या की त्यांच्या तोंडून हाक निघत नसे. नुसत्या उभ्या राहायच्या. मग मीच "कुणी आहे का घरात?" म्हणायची. आतली बाई बाहेर येऊन विचारायची, "आज बाईंना बरं न्हाई का?"

त्या उन्हाळ्यात त्या कौसल्येच्या वस्तीवर रोज जायच्या. सुरुवातीला कौसल्या त्यांना बस म्हणत नसे. त्या दाराशी बसून राहायच्या, कौसल्या शेंगा फोडत असली तर सुपातल्या शेंगा फोडायच्या. सांगत काहीच नव्हत्या. मंगलला नगरच्या डॉक्टरांकडं नेलं, तेव्हा सोबत गेल्या. कान चांगले होते, घसा चांगला होता. पावसाळ्यापर्यंत मंगल आईजवळ झोपायला लागली. शब्द मात्र एक नाही.

पुढचा दसरा आला. कौसल्येनं कुणाला न विचारता मंगलचं अंथरूण आपल्या अंथरुणात गुंडाळलं. बाईंनी आमच्या प्रमुखांना सांगितलं की मी तळावर जाणार. ते म्हणाले, आपलं काम तालुक्याबाहेर नाही. "मग रजा टाका माझी," बाई म्हणाल्या.

घरी जावेनं तोंड फिरवलं. वाण्याच्या घरची बाई उसाच्या तळावर राहणार, ही गोष्ट साऱ्या पेठेत झाली. शिवलिंगअप्पा ऐकून नुसते बसले. आता हे अडवणार, असं मला वाटलं. मग ते उठले आणि एका पिशवीत पुड्या बांधायला लागले. चहा, साखर, तूरडाळ, खोबरेल, भस्माचा एक गोळा. "तिथं दुकान लांब असंल," म्हणाले.

पौषात मी त्यांना भेटायला गेले. कारखान्याजवळचं माळरान, त्यावर पाचटाच्या आणि चटयांच्या कोप्यांच्या, म्हणजे खोपटांच्या ओळी. हवेत मळीचा आंबूस वास. बायका पहाटे अंधारात उसाच्या फडात जायच्या आणि दिवस कलता डोक्यावर वाढ्यांचे, उसाच्या हिरव्या शेंड्यांचे भारे घेऊन परत यायच्या. महानंदाबाई एका कोपीच्या दाराशी बसल्या होत्या, हडकल्या होत्या, टाचा फुटलेल्या. भोवती लहान-मोठी पोरं. एक मांडीवर झोपलेलं.

"कसं चाललंय काम?" मी विचारलं.

"काम?" त्या म्हणाल्या. "वंदना, आपण तिकडं काय सांगायचो? भाकरी थापताना बोला, धुणं धुताना बोला. इथं सांगायचं कुणाला? बाई उभी असती तवा डोक्यावर भारा असतो. बसली की डोळा लागतो. परवा एक लेकराला पाजता पाजता पडली, लेकराच्या अंगावर. मीच वढून काढलं." मांडीवरच्या लेकराचं डोकं सावरत म्हणाल्या, "मी आपली ठणकावून सांगत व्हते. नेऊ नका. ठेवा. बोला. ह्यांनी कुठं ठेवावं आन् कवा बोलावं, ते मी बघितलंच न्हवतं."

त्यांना मी कधी असं बोलताना ऐकलं नव्हतं. मी मंगलबद्दल विचारलं. त्यांनी मानेनं दाखवलं. लांब, बैलगाड्यांच्या रांगेपाशी, ती एका बैलाच्या समोर उकिडवी बसली होती.

"बोलली ती," बाई म्हणाल्या.

"काय सांगता? कुणाशी?"

"बैलाशी. मी कोपीमागं व्हते. बैलानं तिच्या पायावर खूर ठेवायला उचलला, तर ‘सरक’ म्हणली. मग त्याच्याशी अजून काय काय पुटपुटली, मला आलं न्हाई ऐकू. मी पुढं गेले न्हाई. म्हणलं, मी गेले तर बंद हुईल."

"कौसल्येला सांगितलंत?"

"सांगितलं. मला वाटलं रडंल. न्हाई रडली. ‘मग मी बैलापाशीच झोपते तिला घेऊन,’ म्हणली. त्या दिसापासनं तिथंच अंथरूण टाकती. थंडी लई हाय. पर टाकती."

दिवस कलला तेव्हा फडाकडून बायका येताना दिसल्या. वाढ्यांच्या भाऱ्यांखाली चेहरे दिसत नव्हते. त्यातल्या एका भाऱ्याजवळ मंगल पळत गेली नाही, पण उठून उभी राहिली. भारा तिच्यापाशी आला तशी ती त्याच्या बाजूनं चालायला लागली. बाईंनी माझा हात दाबला आणि लगेच सोडला.

संक्रांतीनंतर त्यांना तिथं ताप भरला. फुफ्फुसाला धरलं. शिवलिंगअप्पा जीप घेऊन गेले आणि त्यांना घेऊन आले. त्यानंतर त्यांनी घरभेटींचं काम परत धरलं, पण पूर्वीच्या बाई राहिल्या नाहीत. हाक पुन्हा मारायला लागल्या होत्या. सांगायचं मात्र सोडलं. विचारायच्या. "तुमाला काय वाटतं? ठेवलं तर कसं? नेलं तर कसं?" आणि उत्तर ऐकून घ्यायच्या. नवीन पोरींना ते आवडायचं. मला कधीकधी त्यांचा जुना चढा आवाज आठवायचा. पुढं प्रकल्पाची मुदत संपली. संस्थेनं पाटी उतरवली आणि मी लातूरला दुसऱ्या नोकरीवर गेले.

काही वर्षांनी, नगरला जाताना, मी आष्टीत उतरले. दसरा नुकताच होऊन गेला होता. शिवलिंगअप्पा थकले होते, गादीवर बाई बसल्या होत्या. केस पिकलेले, भस्म तसंच. चहा झाला. मुलीचं, नातवंडांचं बोलणं झालं. मंगलचं विचारावं की नाही या विचारात मी होते, तोवर त्याच म्हणाल्या, "आज जाणार हायेत दगडू-कौसल्या. ट्रक लागलाय खाली."

"मंगलही?"

"ती बी. शाळेत घातली व्हती. बसती, पाटीवर लिहिती, तोंड उघडत न्हाई. मास्तर म्हणतो, मुकी हाय. आईशी बोलती. थोडं. धाकट्या भावाशी लई बोलती. ते लेकरू दीड वर्षाचं हाय, ते तर बडबड्या झालंय नुसतं."

"आणि तुमच्याशी?"

बाईंनी समोरच्या डाळीच्या पोत्यात हात घातला आणि मूठभर डाळ उगीच वर-खाली केली. "माझ्याशी न्हाई," म्हणाल्या. "कावून बोलावं तिनं?"

माझी बस आली. मी पाया पडले, तर त्यांनी पाठीवरून हात फिरवला आणि आत वळल्या. खिडकीची जागा मिळाली होती. बस पेठेतून हळूहळू बाहेर पडत होती. रस्त्याच्या कडेला ट्रक उभा होता, भांड्यांनी, गाठोड्यांनी, माणसांनी वरपर्यंत भरलेला. आणि महानंदाबाई मागच्या बोळातून तिथं येऊन पोचल्या होत्या. त्यांनी पायात काही घातलेलं नव्हतं. ट्रकच्या चाकाशी उभं राहून, मान पूर्ण वर करून त्या बोलत होत्या. वर अंथरुणांच्या ढिगावर एक आठ-नऊ वर्षांची मुलगी बसली होती, मांडीवर भाऊ, आणि खाली बघत होती. ट्रकच्या इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. बाई बोलायच्या थांबल्या. मान तशीच वर. मुलगी अजून त्यांच्याकडंच बघत होती. तिचे ओठ हलले की भावाचे, ते मला दिसायच्या आत बस वळली.